रेघ कोणी मारल्यान?

सुमिलॉन नावाचं बेट नकाशावर शोधायचं तर बोटांनी बराच झूम करावा लागतो. फिलिपिन्समध्ये सेबू हे लांबट बेट आहे, त्याच्या दक्षिण टोकाकडे ओस्लोब गाव आणि त्या गावासमोर हा हिरवा ठिपका. भोवती प्रवाळाचा खडक आहे, सगळा मिळून साधारण अर्धा चौरस किलोमीटर. १९७४ साली या खडकाचा पाव भाग मासेमारीला बंद झाला. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, तो पुन्हा उघडला.

आता गणित बघा. आधी मासेमारांकडे पाऊण खडक होता. नंतर सगळा आला. म्हणजे मासे जास्त मिळायला हवेत, निदान तेवढेच तरी.

१९८३-८४ मध्ये, पाव भाग बंद असताना, खडकाच्या दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला ३६.९ टन मासे निघत होते. १९८५-८६ मध्ये, सगळा खडक खुला असताना, निघाले साधारण २० टन. एका माणसाच्या एका फेरीचा हिशेब केला तर गळाला लागणारी मासळी ५७ टक्क्यांनी घटली, गिलनेटची ५८ टक्क्यांनी आणि बांबूच्या सापळ्यांची ३३ टक्क्यांनी. जागा वाढली आणि मासळी उतरली. यासाठी दीड वर्ष पुरलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुणी चालू सिस्टिममधला एक नियम काढून टाकला आणि आधीचे-नंतरचे आकडे नीट नोंदलेले निघाले, तर त्या आकड्यांवरून वर्षानुवर्षं चाललेली भांडणं मिटतात. असा प्रयोग मुद्दाम करायची परवानगी कुणी देत नाही. सुमिलॉनमध्ये तो चुकून झाला, आणि झाला तेव्हा मोजणारी माणसं पाण्यात होती. म्हणून एवढ्याशा बेटाचं नाव सागरी संवर्धनाच्या इतिहासात कायमचं लागलं.

मी या सगळ्यात शिरलो ते घरच्या वादामुळे. माझे काका मालवण तालुक्यात राहतात. त्यांचं आयुष्य रापणीत गेलं. होडीनं लांबवर अर्धगोल जाळं सोडायचं आणि वाडीतल्या सगळ्यांनी मिळून ते किनाऱ्यावर ओढायचं, मग वाटे. अभयारण्य हा शब्द काढला की काका उठून आत जातात. गेल्या मे महिन्यात मी ठरवून, फोनमध्ये तो आलेख घेऊन गेलो होतो. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ज्या माणसानं हे मोजलं त्याच्याविषयी.

एंजल अल्काला यांचा जन्म १९२९ चा, नेग्रोस बेटावरचा. हे सेबूच्या शेजारचं बेट. ते मुळात माशांचे नव्हेत, बेडूक आणि सरड्यांचे अभ्यासक. पीएचडी स्टॅनफर्डची, तीही याच विषयातली. परत येऊन ते दुमागेते शहरातल्या सिलिमान विद्यापीठात शिकवू लागले. त्या शहराच्या दारातच समुद्र. तो कुठला समुद्र, तर जिथे किनाऱ्यालगतच्या माशांच्या प्रजातींची जगातली सर्वांत दाट गर्दी आहे. फिलिपिन्सचा मधला भाग हा त्या गर्दीचा केंद्रबिंदू आहे, असं नकाशे एकमेकांवर ठेवून २००५ मध्ये दाखवलं गेलं; पण तिथल्या कोळ्याला त्याच्या कितीतरी आधीपासून ते ठाऊक होतं, आणि ती गर्दी विरळ होतेय हेही.

विरळ होण्याची कारणं गूढ नव्हती. दुसऱ्या महायुद्धानं मागे सोडलेली स्फोटकं, मग घरगुती सुरुंग. सुरुंग टाकला की मेलेले मासे गोळा करायचे आणि फुटलेला खडक तसाच सोडायचा. साठच्या दशकापासून शोभेच्या माशांसाठी सायनाइड. आणि मुरो-आमी. हा प्रकार वाचला तेव्हा मला फोन खाली ठेवावा लागला होता. प्रवाळाच्या एका बाजूला मोठं जाळं लावायचं, दुसऱ्या बाजूनं पोहणाऱ्यांची रांग. प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला वजन. ते वजन खडकावर आपटत आपटत माशांना जाळ्याकडे हाकायचं. पोहणाऱ्यांत लहान मुलंही असत. १९८६ मध्ये त्यावर बंदी आली. कायाकास नावाचं त्याचं छोटं स्थानिक रूप वेगळंच होतं.

अल्कालांचा उपाय साधा होता. सगळा समुद्र राखणं अशक्य आहे, तर एक तुकडा पूर्ण सोडून द्यायचा आणि काय होतं ते मोजत राहायचं. १९७४ मध्ये विद्यापीठ आणि ओस्लोब नगरपालिका यांच्या संमतीनं सुमिलॉनच्या पश्चिमेचा तुकडा बंद झाला. फिलिपिन्समध्ये असं पहिल्यांदाच होत होतं. बेटावर गाव नव्हतं. मासेमार येत ते समोरच्या सेबूवरून, सुमारे शंभर जण.

मोजण्याची पद्धत ऐकली की हसू येतं, इतकी ती हातची आहे. पाण्याखाली ५० मीटर लांब आणि २० मीटर रुंद पट्टा आखायचा, पाटी-पेन्सिल घेऊन त्यावरून सावकाश पोहायचं, दिसेल तो मासा जातवार आणि आकारवार टिपायचा. असे सहा पट्टे. पुढच्या वेळी पुन्हा तेच. किनाऱ्यावर उतरणारी मासळीही तशीच टिपायची. हे काम वर्षानुवर्षं चाललं. नंतर गॅरी रस हे ऑस्ट्रेलियातले संशोधक अल्कालांबरोबर आले आणि दोघांची जोडी पुढची कित्येक वर्षं एकाच खडकावरून पोहत राहिली. आम्ही तीन महिन्यांच्या डॅशबोर्डवर पुढच्या वर्षाचे अंदाज बांधतो. जाऊ द्या.

पण पाव भाग बंद ठेवून उरलेल्या पाऊण भागात जास्त मासे कसे? याचं उत्तर माशाच्या आकारात आहे. खडकावरची मोठी मासळी, म्हणजे आपल्याकडचे गोबरे, तांबोशी आणि त्यांचे भाऊबंद, सावकाश वाढते आणि बरीच वर्षं जगते. मोठी मादी लहान मादीपेक्षा थोडी जास्त अंडी देते असं आपल्याला वाटतं. मेक्सिकोच्या आखातातल्या तांबड्या स्नॅपरचा एक प्रसिद्ध हिशेब आहे: ६१ सेंटिमीटरच्या एका मादीत जेवढी अंडी असतात, तेवढी ४२ सेंटिमीटरच्या २१२ माद्यांत मिळून असतात. गोबऱ्यांची आणखी एक गंमत. त्यांच्या बहुतेक जाती जन्मतात मादी म्हणून आणि मोठ्या झाल्यावर त्यातल्या काही नर होतात. जाळ्यानं सगळे मोठे उचलले की नरच संपतात. बंद तुकडा म्हणजे अशा मोठ्यांना मोठं राहू देणारी जागा. तिथली अंडी आणि पिल्लं प्रवाहानं दूर जातात, आणि गर्दी झाली की मोठे मासेही रेघ ओलांडून बाहेर येतात. माशाला रेघ दिसत नाही, हेच या युक्तीचं मर्म.

मग सुमिलॉन उघडलं कसं? १९८० मध्ये ओस्लोबमध्ये सत्ता बदलली. नव्या नगराध्यक्षांना हे राखीव क्षेत्र मान्य नव्हतं. वाद चिघळत गेला आणि १९८४ मध्ये राखण कोसळली. शंभरेक मासेमार आत शिरले, जाळी, सापळे, भाले, मुरो-आमी, कायाकास, सुरुंग, सगळं घेऊन. पुढे ते पुन्हा बंद झालं, १९९२ मध्ये पुन्हा उघडलं. दोन्ही वेळा गोष्ट तीच. मोठ्या शिकारी माशांची कित्येक वर्षांत साठलेली भर दीड-दोन वर्षांत सपाट.

हे वाचताना नगराध्यक्षांना खलनायक ठरवणं सोपं आहे. मला ते तितकं जमलं नाही. ओस्लोब सेबू प्रांतात, विद्यापीठ नेग्रोस प्रांतात. ओस्लोबच्या मासेमाराच्या नजरेनं पाहिलं तर समोरच्या बेटावरचे प्राध्यापक येतात, आपल्या खडकाचा पाव हिस्सा बंद करतात, आणि त्यांचा माणूस पहारा देतो. करारावर सह्या होत्या, पण त्या कार्यालयांच्या. बंद तुकड्यामुळे आपल्याच जाळ्यात जास्त पडतंय, हे त्या शंभर जणांना कुणी त्यांच्या भाषेत सांगितलं असेल का? सांगून पटलं असतं का? आकडे विद्यापीठाच्या कपाटात होते आणि मत पेटीत पडत होतं.

याच काळात पलीकडे दुसरी गोष्ट चालू होती, आणि खरं तर मला तीच सांगायची आहे.

आपो हे नेग्रोसच्या दक्षिणेकडचं ज्वालामुखीचं बेट. दाउइन नगरपालिकेत येतं. सुमिलॉनपेक्षा मोठं, तरी पाऊण चौरस किलोमीटरच. मुख्य फरक असा की आपोवर गाव आहे. तिथली माणसं बहुतेक मासेमारीवर जगणारी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांची अवस्था अशी की घरासमोरच्या खडकावर काही उरलं नव्हतं आणि होडी वल्हवत दहा-दहा किलोमीटर लांब जावं लागे. सुरुंग आणि सायनाइड आपोच्या लोकांनीही वापरलं होतं, बाहेरून येणाऱ्यांनीही.

१९७९ मध्ये अल्काला आणि त्यांचे सहकारी तिथे बोलायला गेले. काही मासेमारांना त्यांनी होडीनं सुमिलॉनला नेलं, तेव्हा शाबूत असलेल्या सुमिलॉनला, आणि पाण्यात डोकं घालून बघायला लावलं. परत येऊन लगेच काही झालं नाही. बोलणी तीन वर्षं चालली. खायला तोंडं आहेत, खडकाचा तुकडा सोडायचा कसा, हा प्रश्न खराच होता.

१९८२ मध्ये चौदा कुटुंबांनी ठरवलं. फक्त चौदा. बेटाच्या आग्नेयेला ४५० मीटर किनारा, तिथून समुद्रात ५०० मीटर, म्हणजे त्यांच्या मासेमारीच्या जागेचा साधारण दहावा हिस्सा. राखायला काय लागलं? वाळूवर बसलेला एक माणूस. कुटुंबांनी पाळ्या लावल्या. कुंपण नाही, बोट नाही, गणवेश नाही. सगळा तुकडा किनाऱ्यावरून एका नजरेत दिसतो, एवढीच त्याची सोय. विद्यापीठानं रेघ सुचवली असेल, पण कुठून कुठपर्यंत हे गावानं ठरवलं. तीन वर्षांत उरलेली कुटुंबंही आली, आणि १९८५ मध्ये दाउइन नगरपालिकेकडून तिला कायद्याचा आधार मिळाला. त्याच वेळी सगळ्या बेटाभोवती सुरुंग, सायनाइड, मुरो-आमी आणि बाहेरच्या होड्या बंद झाल्या.

तारखा शेजारी ठेवून पाहा. आपोच्या लोकांनी सुमिलॉन पाहून आपली रेघ मारली १९८२ मध्ये. सुमिलॉनची रेघ पुसली गेली १९८४ मध्ये. आणि आपोनं आपल्या रेघेला कायद्याचं बळ मिळवलं १९८५ मध्ये, म्हणजे शेजारचा खडक ओरबाडला जात असतानाच.

आपोचे आकडे सुमिलॉनसारखे झटकन दिसत नाहीत. १९८३ पासून मोजणी सुरू झाली. पहिली काही वर्षं फारसं काही नाही. आतले मोठे शिकारी मासे वाढत गेले, पण रेघेबाहेर, तेही दोन-तीनशे मीटरांच्या पट्ट्यात, फरक जाणवायला आठ-नऊ वर्षं लागली. २००१ पर्यंतच्या अठरा वर्षांत सर्जनफिश आणि ट्रेव्हली या दोन कुळांचं वजन राखीव भागात तिप्पट झालं. आपोवर पकडल्या जाणाऱ्या मासळीत या दोन कुळांचाच मोठा वाटा असतो. गळावर मिळणारी मासळी वाढली, आणि त्यासाठी पाण्यात घालवायचा वेळ कमी झाला. मोठे शिकारी मासे पूर्ण भरून यायला किती काळ लागेल, याचा अल्काला आणि रस यांनी २००४ मध्ये अंदाज मांडला: १५ ते ४० वर्षं. जायला दीड-दोन वर्षं, यायला १५ ते ४०.

इथं माझ्या पेशातली एक शंका नोंदवतो. आपोवर दोन बदल एकाच वेळी गेले. एक तुकडा बंद झाला आणि सगळीकडे सुरुंगासारखे प्रकार बंद झाले. कुठल्या बदलामुळे किती फरक पडला, हे वेगळं काढणं अवघड आहे. आणि बेट एकच. सुमिलॉनचं महत्त्व म्हणूनच. तिथे रेघ दोनदा पुसली गेली आणि दोन्ही वेळा आलेख एकाच दिशेनं पडला. अभ्यासकांसाठी ही चैन होती, ओस्लोबच्या मासेमारांसाठी नव्हती.

अल्कालांना १९९२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पुढे ते देशाचे पर्यावरण मंत्री झाले, २०२३ मध्ये गेले. फिलिपिन्समध्ये आज गावांनी आणि नगरपालिकांनी राखलेले असे तुकडे हजाराहून जास्त आहेत. त्यातले किती खरोखर राखले जातात, हा वेगळा विषय. १९९१ च्या कायद्यानं किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचं पाणी नगरपालिकांच्या हाती दिलं, त्यामुळे आपोसारख्या गावांना जवळचं दार मिळालं.

खुद्द आपोची गोष्ट मात्र सरळ राहिली नाही. १९९४ मध्ये बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं आणि कारभार एका मंडळाकडे गेला. त्यात गावाचे प्रतिनिधी होते, पण पूर्वी वाळूवर बसून होणारे निर्णय आता बैठकीत होऊ लागले. पाणबुड्या पर्यटकांचे पैसे येऊ लागले, आणि त्यांबरोबर कुणाला किती हा प्रश्नही. मग डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२, लागोपाठ दोन वादळं. तीस वर्षं राखलेल्या त्याच आग्नेय तुकड्यातला प्रवाळ लाटांनी मोडून टाकला. तो भाग नंतर पर्यटकांसाठी बंद करण्यात आला. वादळ रेघ बघत नाही. मला हे वाचून चौदा कुटुंबांचीच आठवण झाली. त्यातली किती माणसं तेव्हा हयात असतील आणि त्यांना काय वाटलं असेल, ते कुठल्या शोधनिबंधात नाही.

तर, काका.

आपल्याकडेही रेघ आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, आपोला कायद्याचा आधार मिळाल्यावर दोनच वर्षांनी. २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर गाभा. पद्मगड त्यात येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहे, सुट्टीत गेलेल्या अनेकांनी स्नॉर्कलिंग करताना तो पाहिला असेल. मासेमारांचा विरोध पहिल्यापासून. बरीच वर्षं हे अभयारण्य कागदावरच जास्त राहिलं. आणि या काळात काकांच्या पोटावर पाय आणला तो अभयारण्यानं नव्हे, पर्ससीन आणि एलईडीवाल्या बोटींनी. पर्ससीनवर राज्यानं २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी. रात्री क्षितिजावर दिवे अजून दिसतात, असं काका सांगतात.

ओटीवर बसून मी त्यांना सगळं दाखवलं. सुमिलॉन, आपो, मुरो-आमी, २१२ माद्या. माद्यांवर ते हसले. "ह्या आमका म्हायत नाय काय?" आलेखाकडे त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "झिला, ह्या सगळा खरा. पण ती रेघ कोणी मारल्यान?"

मी म्हणालो, चौदा घरांनी.

"सरकारान नाय?"

सरकार तीन वर्षांनी आलं, मी म्हणालो.

काका गप्प बसले. १५ ते ४० वर्षांचा आकडा सांगितला तर म्हणाले, "चाळीस वर्सा? तवसर मी खय आसतलंय?" पण उठून आत गेले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी माझा फोन मागितला आणि उपग्रहाचा नकाशा उघडायला सांगितला. मी अभयारण्याची हद्द दाखवू लागलो तर हात झटकला. बोटानं नकाशा सरकवत, मोठा करत, लहान करत, ते एका जागी थांबले. तिथे स्क्रीनवर नुसतं निळं पाणी होतं.

"रेघ मारूची तर हय. गोबरे हय गावतत. माझ्या बापाशीक पण हयच गावायचे." मग फोन माझ्या हातात देताना म्हणाले, "पण ह्या कोणाक सांगू नको."

म्हणून ती जागा इथे लिहीत नाही.